नंबर सांगण्यापूर्वी जरा थांबा

बिल करताना काउंटरवरची मुलगी विचारते, ‘मॅडम, मोबाइल नंबर?’ मागे रांग असते. बहुतेक गृहिणी संकोचाने नंबर सांगून मोकळ्या होतात. मग कर्ज, प्लॉट आणि विम्याच्या फोनचा ससेमिरा मागे लागू शकतो.

वास्तविक, बिलासाठी नंबरची सक्ती करू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितले आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला होता.

पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. माहिती कशासाठी हवी हे सांगूनच संमती घ्यावी, दिलेली संमती परत घेता यावी, १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची परवानगी असावी, असे हा कायदा सांगतो. माहिती सुरक्षित न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मात्र कायदा काही आपल्यासाठी रांगेत येऊन उभा राहत नाही. ‘नंबर कशाला हवा?’ हे आपणच विचारायचे असते. पुढच्या वेळी विचारून तर पाहा. बिल नंबरशिवायही निघते.