विझणारा सूर गाता ठेवताना

शिरूर-दौंडकडच्या भजनी मंडळांत तयार झालेला कान पेटीला सरावलेला असतो. भाता हलता आहे तोवर पेटीचा सूर टिकतो. पियानोच्या पट्ट्या दिसायला तशाच, पण आत नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर पडते आणि सूर उमटल्या क्षणापासून विझू लागतो. शोपाँपासूनच्या रोमँटिक संगीतकारांनी या विझत्या सुराला गायला लावलं. त्यांचा मोठा आधार म्हणजे उजव्या पायाखालचं पेडल. ते दाबलं की सगळ्या तारा मोकळ्या होतात आणि न वाजवलेल्या ताराही सतारीच्या तरफांसारख्या झंकारतात.

या परंपरेच्या शेवटच्या टोकाला रशियाचा अलेक्झांडर स्क्रियाबिन (१८७२-१९१५) उभा आहे. त्याच्या पियानो रचना एकट्याने वाजवून एकामागून एक सीडींवर मुद्रित करण्याचं काम मूळ मुंबईचे, जर्मनीत राहणारे परवेझ मोदी यांनी थोरोफोन या तिथल्या कंपनीसाठी हाती घेतलं. मला हे काम फार मोलाचं वाटतं, आणि त्याला कारण आहे. स्क्रियाबिनने १९०८ आणि १९१० मध्ये स्वतःचं वादन आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या छिद्रांच्या कागदी गुंडाळ्यांवर नोंदवलं होतं. कोणती पट्टी कधी दाबली, हे त्या गुंडाळ्या सांगतात. पण पेडल पाऊणच उचलून जुना सूर नव्यात किती मिसळू द्यायचा, हे बारकावे त्यांत पुरते उतरत नाहीत. छापील स्वरलिपीतही ते मावत नाहीत. म्हणून ते प्रत्येक वादकाला स्वतःच्या कानाने नव्याने ठरवावे लागतात.

स्क्रियाबिनला भारताची विलक्षण ओढ होती. हिमालयाच्या पायथ्याशी सात दिवस चालणारा एक संगीतयज्ञ त्याच्या मनात होता. बडोद्याचे गायक मौलाबक्ष यांचे नातू, गायक इनायत खान मॉस्कोत असताना त्याला भेटले होते. पण ओठावरच्या फोडातून रक्तात विष पसरलं आणि ४३व्या वर्षी तो गेला. यज्ञ कागदावरही पुरा झाला नाही.

नवख्याने सुरुवात ओपस ११ (म्हणजे रचना-क्रमांक ११) मधल्या २४ प्रिल्यूड या छोट्या तुकड्यांपासून करावी. बहुतेक एक-दोन मिनिटांचेच आहेत, शोपाँचा वारसा त्यांत स्पष्ट ऐकू येतो. मग १९०७चा पाचवा सोनाटा. इयरफोन लावूनच ऐका, कारण मोबाइलच्या स्पीकरवर खालच्या सप्तकातली गुंज जवळजवळ हरवते, आणि वरचे सूर तिच्यावरच तर उभे असतात.