रागसंगीत : शास्त्र आणि तालीम

प्रस्तावना

देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. उत्तरेकडील हिंदुस्थानी आणि दक्षिणेकडील कर्नाटक या दोन्ही संगीतपद्धती त्यास प्रमाणभूत मानतात. पुढे या पद्धतींचे मार्ग भिन्न झाले. कर्नाटक पद्धतीत कृती हा रचनाप्रकार केंद्रस्थानी आला व रागांचे वर्गीकरण ७२ मेळांत झाले. हिंदुस्थानी पद्धतीत प्रथम ध्रुपदास व नंतर ख्यालास प्राधान्य मिळाले. राग व ताल हे दोन्हींचे समान अधिष्ठान मात्र कायम राहिले. या संगीताचा कोणता भाग ग्रंथातून शिकवता येतो आणि कोणता केवळ गुरुमुखातून मिळतो, हा प्रश्न अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

रागाचे स्वरूप

राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर लागतात. मध्यम व निषाद दोन्हींत वर्ज्य आहेत. तथापि भूपाचा वादी स्वर गंधार असून तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. देशकाराचा वादी धैवत असून तो सकाळचा राग आहे. भूप गाताना गायक धैवतावर अधिक काळ रेंगाळला, तर श्रोत्यास देशकाराची छाया जाणवू लागते. हा भेद कागदावर सांगता येतो, परंतु कोणत्या स्वरावर किती थांबावे हे कानानेच उमगते.

महाराष्ट्रातील परंपरा

हे ज्ञान घराण्यांनी जतन केले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ग्वाल्हेरची ख्यालगायकी आत्मसात करून ती महाराष्ट्रात रुजवली. अल्लादिया खाँ यांना कोल्हापूर दरबारात आश्रय मिळाला, अब्दुल करीम खाँ यांचे मिरजेत दीर्घकाळ वास्तव्य होते, तर मुंबईतील एका वस्तीच्या नावाने भेंडीबाजार घराणे ओळखले जाऊ लागले. या व्यवस्थेत तालीम सखोल होती. परंतु ती मोजक्या शिष्यांपुरती मर्यादित राहत असे.

ही मर्यादा ओलांडण्याचे दोन मोठे प्रयत्न महाराष्ट्रातील व्यक्तींनी केले. बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करून सर्वसामान्यांना संगीतशिक्षणाचे दार खुले केले. पेशाने वकील असलेल्या विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी देशभर फिरून बंदिशी संकलित केल्या, स्वरलिपी सिद्ध केली आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. त्यांच्या 'क्रमिक पुस्तकमालिके'मुळे घराण्यांपुरत्या राहिलेल्या अनेक बंदिशी सर्वांस उपलब्ध झाल्या.

थाटपद्धतीच्या मर्यादाही येथे लक्षात घ्याव्या लागतात. समान स्वर असूनही भातखंडे यांनी भूप कल्याण थाटात, तर देशकार बिलावल थाटात ठेवला. म्हणजे वर्गीकरण करतानाही केवळ स्वर पुरेसे ठरले नाहीत. रागाच्या चलनाचा आधार घ्यावा लागला. त्यांचा 'हिंदुस्थानी संगीतपद्धती' हा मराठी ग्रंथ गुरु-शिष्य संवादाच्या रूपात लिहिलेला आहे, ही बाबही या संदर्भात सूचक आहे.

समारोप

स्वरलिपीने बंदिश सुरक्षित राहते. मींड, आंदोलन आणि स्वरांमधील विराम यांचा मात्र तीत केवळ संकेत मिळतो. संस्थात्मक शिक्षण नसते, तर हे संगीत मोजक्या कुटुंबांबाहेर क्वचितच पोहोचले असते. तालीम नसेल, तर विद्यार्थ्याच्या हाती रागाचे वर्णन येईल, राग येणार नाही. म्हणून शास्त्राच्या लेखी परीक्षेइतकेच महत्त्व प्रत्यक्ष श्रवणास व गुरुसमोर बसून केलेल्या रियाजास देणे आवश्यक आहे. वर्गात भूप व देशकार लागोपाठ ऐकवून त्यांतील फरक विद्यार्थ्यांनाच शोधू देणे, ही अशा अध्यापनाची सुरुवात ठरू शकेल.