ठळक अक्षरांचे अर्थशास्त्र

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या भिंती जाहिरातींनी भरू लागल्या. ग्रंथांसाठी घडविलेली नाजूक अक्षरे तेथे दुबळी ठरली. मग उभे दांडे जाडजूड आणि टोकांच्या सेरिफ-रेघा केसासारख्या बारीक, अशी ‘फॅट फेस’ अक्षरे अवतरली. मोठे शिशाचे खिळे जड व महाग. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स यांनी यंत्राच्या साहाय्याने लाकडी खिळे घडविले आणि हा गलका स्वस्त झाला. परंतु वस्तू विपुल झाली की तिचे मोल घसरते. सारेच ओरडू लागले, तर ऐकायचे कोणाचे? ठळक अक्षराचे सामर्थ्य त्याच्या विरळ वापरावर अवलंबून असते. मथळ्यात ते हवेच. सारा मजकूर त्यात छापणारा मात्र वाचकाच्या डोळ्यांवर अन्याय करतो आणि स्वतःचा पैसाही वाया घालवितो.