जुनी डिझेल जीप सुरू कां होत नाहीं?

गेल्या हिंवाळ्यांतली गोष्ट. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागांत आमच्या परिचयाचें एक शेतकरी कुटुंब आहे. त्यांजकडे चारही चाकांस जोर देणारी एक जुनी डिझेल जीप आहे. रोज सकाळीं ती दूध संकलन केंद्रावर दूध पोहोंचविते, आणि अडल्या वेळीं वस्तीवरील आजाऱ्यास दवाखान्यांत नेते. पौषांतल्या एका रात्रीं घरांतील लहान मुलास धाप लागली. जीप काढावयास गेले, तों ती सुरू होईना. किल्ली फिरवून फिरवून बॅटरी उतरली, आणि शेजारच्या वाडीवरून दुसरी गाडी येईपर्यंत दीड तास गेला. मूल वांचलें, परंतु तो दीड तास त्या मातापित्यांस जन्मभर विसरतां येणार नाहीं.

दुसऱ्या दिवशीं अंगणांत सल्लागार जमले. एक म्हणाले, “पंप गेला.” दुसरे म्हणाले, “इंजिनच उघडावें लागेल.” पंपाच्या दुरुस्तीचा आंकडा ऐकून घरधनी खालीं बसले, कारण तेवढीच रक्कम त्यांनीं मुलीच्या पुढील शिक्षणासाठीं बाजूस ठेविली होती. सुदैवानें पैसे देण्यापूर्वीं तालुक्याहून एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनीं अर्ध्या तासांत दोष दाखविला. तो कोणता, हें आम्ही शेवटीं सांगूं. त्यांनीं कोणत्या क्रमानें पाहिलें, हें आधीं समजून घेणें अधिक उपयोगाचें आहे.

प्रथम इंजिनाचा स्वभाव पाहूं. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेलच्या इंजिनांत तो नसतो. सायकलींत हवा भरतांना पंप तापतो, हें प्रत्येक मुलास ठाऊक आहे. हवा दाबली कीं ती तापते. याच तत्त्वावर रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं औग्सबुर्ग येथें आपलें इंजिन यशस्वी करून दाखविलें. जुन्या जीपच्या इंजिनांत हवा आपल्या मूळ आकाराच्या सुमारें विसाव्या हिश्शांत कोंबली जाते व तिची उष्णता ५०० अंश सेल्सियसच्या वर चढते. त्या तप्त हवेंत नॉझल डिझेलचा बारीक फवारा मारतो, आणि तो आपोआप पेट घेतो. १९४७ सालीं महिंद्र कंपनीनें विलीज जीप या देशांत आणिली. पुढें जीपना डिझेलचीं इंजिनें बसूं लागलीं, व त्यांतील पुष्कळशीं आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत इगतपुरी येथें बनलीं. इंजिन कोठेंही बनलेलें असो, त्याच्या मागण्या तीनच: पुरेसा वेग, पुरेशी उष्णता, आणि योग्य वेळीं स्वच्छ डिझेल. गाडी सुरू होत नसेल, तर या तिहींपैकीं कांहीं तरी उणें आहे.

पहिला प्रश्न : इंजिन वेगानें फिरतें काय? तें मंद फिरलें तर दाबलेली हवा फटींतून निसटते, थंड लोखंड तिची ऊब शोषून घेतें, आणि फवारा पेटत नाहीं. समोरचे दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे विझूं लागले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचीं टोकें बुरशीनें झांकलीं आहेत. टोकें घांसून घट्ट करावीं, व बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्यास जाणारी जाड अर्थिंगची तारही पाहावी. कारण पुष्कळदां बॅटरी नवी घेतली जाते आणि दोष त्या तारेंतच राहतो. दिवे तेजस्वी राहून इंजिन मुळींच हललें नाहीं, तर स्टार्टर किंवा त्याच्या तारा तपासाव्या.

दुसरा प्रश्न : सायलेन्सरमधून धूर येतो काय? इंजिन फिरवितांना मागें एका माणसास उभें करावें. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आंत पोहोंचतें आहे, परंतु पेटत नाहीं. म्हणजे उणीव उष्णतेची आहे. धूर मुळींच नसेल, तर डिझेलच पोहोंचत नाहीं. या एका निरीक्षणानें अर्धें काम संपतें, आणि त्यास एक पैसाही पडत नाहीं.

पांढरा धूर येत असल्यास हीटर प्लग पाहावे. हे प्लग ठिणगी पाडीत नाहींत. थंडींत इंजिनाच्या लहान कोठडीस ऊब देतात. (कांहीं जुन्या इंजिनांत डिझेलचा फवारा सरळ पिस्टनवर पडतो, त्यांत हे प्लग बहुधा नसतात.) प्लगची तार सोडवून, बॅटरीचें धन टोक व प्लगचें टोक यांमध्यें बारा व्होल्टचा लहान दिवा धरावा. दिवा लागला तर प्लगची आंतील तार शाबूत आहे. न लागल्यास ती तुटली आहे. सर्व प्लग चांगले असून गाडी थंडींतच अडत असेल, तर त्यांस वीज पोहोंचविणारा रिले पाहावा. कित्येक लोक अशा वेळीं हवेच्या वाटेंत इथरचा फवारा मारतात. हीटर प्लग असलेल्या इंजिनांत तसें कधींही करूं नये. तप्त प्लगवर तो अवेळीं पेटून इंजिन फुटण्याचें भय असतें.

धूर नसल्यास तिसरा प्रश्न : डिझेल कोठें अडलें? आधीं टाकी पाहावी, मग इंजिन बंद करण्याची दोरी ओढलेलीच राहिली नाहीं ना हें पाहावें. जेथें दोरीऐवजीं विजेची कळ असते, तेथें किल्ली फिरवितांच पंपाजवळ ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. नंतर फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप दाबावा. प्रथम बुडबुडे येतील, मग शुद्ध डिझेल येईल. तेव्हां स्क्रू घट्ट करावा. गाडी सुरू झाली, परंतु दुसऱ्या सकाळीं बुडबुडे पुन्हां आले, तर टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या वाटेंत कोठें तरी हवा आंत शिरते आहे. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. या वाटेंत डिझेल ओढलें जात असतें. म्हणून चीर पडली तरी डिझेल बाहेर गळेलच असें नाहीं, हवा मात्र आंत जाते. ओल दिसत नाहीं म्हणून नळी चांगली, असें समजणें चुकीचें आहे.

आतां इंजिन सुरू होऊन ठेचकाळत चालतें, म्हणजे मिसिंग करतें, त्याविषयीं. प्रथम कान द्यावा. ठेंच एकसारखी, ठराविक तालांत येत असेल, तर बहुधा एकच सिलिंडर काम करीत नाहीं. ती अनियमित असेल, तर डिझेलांत हवा किंवा पाणी असावें. पिंपांत सांठविलेलें डिझेल वापरणाऱ्यांनीं फिल्टरच्या तळाशीं जमलेलें पाणी वेळोवेळीं सोडावें. धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या (२०२४ पर्यंतच्या अहमदनगरच्या) अवर्षणी पट्ट्यांत उन्हाळ्याची धूळ एअर क्लीनर चोंदून टाकते, हें ध्यानांत घ्यावें. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतें आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरमध्यें बुडबुडे येत असतील, तर हेडचें गॅस्केट गेलें असावें. मग गाडी पुढें दामटूं नये.

कोणता सिलिंडर रुसला आहे, हें शोधण्यासाठीं मिस्त्री इंजिन मंद चालूं ठेवून एकेका नॉझलच्या नळीची चाकी किंचित् सैल करतात. चांगल्या सिलिंडरची नळी सैल केली कीं आवाज बिघडतो; ज्याची सैल करूनही आवाज बदलत नाहीं, तोच दोषी. मग त्याचें नॉझल शेजाऱ्यास लावून पाहतात. दोष नॉझलबरोबर गेला, तर नॉझल वाईट. तेथेंच राहिला, तर व्हॉल्व्ह, रिंगा किंवा पंप यांकडे वळावें. परंतु मुलांनीं हा प्रयोग स्वतः करूं नये. शंभर वातावरणांहून अधिक दाबाची ती धार कातडी भेदून शरीरांत शिरते, आणि अशी जखम वरून लहान दिसली तरी हात गमावण्याची वेळ येते. अलीकडील कॉमन रेल पद्धतीच्या गाड्यांवर तर हा प्रयोग मिस्त्रींनींही करूं नये; तेथें दाब हजार वातावरणांहूनही अधिक असतो.

आतां त्या जीपकडे वळूं. मिस्त्रींनीं बॅटरी भरून आणविली. इंजिन जोरानें फिरूं लागलें, परंतु मागें धूर नव्हता. त्यांनीं हातपंप दाबला, तों बुडबुडेच बुडबुडे आले. टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीवर बोट फिरवीत ते एका क्लिपेपाशीं थांबले व म्हणाले, “दादा, पंपाला हात लावूं नका. ही नळी पाहा.” क्लिपेखालीं केसाएवढी चीर होती. रात्रभरांत त्या चिरेंतून हवा शिरे आणि डिझेल टाकींत परत उतरे. थंडीनें रबर ताठरलें म्हणजे चीर अधिकच उघडे. हातभर नळी व दोन क्लिपा, एवढ्यावर काम भागलें. मुलीच्या शिक्षणाची रक्कम जागच्या जागीं राहिली.

मग मिस्त्रींनीं घरांतील थोरल्या मुलीस विचारलें, “पोरी, हें त्या रात्रींच झालें कां?” ती म्हणाली, “नाहीं काका. महिनाभर रोज सकाळीं थोडा थोडा जास्त वेळ लागत होता, आणि सुरू झाल्यावर गाडी मिनिटभर अडखळत होती.” तिचे वडील गप्प झाले. खूण महिनाभर डोळ्यांसमोर होती. कोणी ती नोंदली नाहीं, इतकेंच.

आतां त्या जीपमध्यें एक वही असते. सकाळीं सुरू होण्यास किती वेळ लागला, धूर कोणत्या रंगाचा होता, फिल्टर केव्हां बदलला, हें ती मुलगी लिहिते. आमच्या जिल्ह्यांत सैन्याचीं वाहनें पारखणारी व्ही. आर. डी. ई. ही मोठी सरकारी संस्था आहे. तेथवर आपणांपैकीं थोडेच पोहोंचतील. परंतु एका वेळीं एकच गोष्ट तपासणें, स्वस्त तें आधीं पाहणें, आणि पाहिलेलें लिहून ठेवणें, एवढें ज्याच्या अंगणांत जुनी गाडी उभी आहे त्या प्रत्येकास आजपासून करतां येईल.