रेड्याच्या पाठीवरचं माकड

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या चौकाचौकांत एक नवा चित्रप्रकार उभा राहिला: कुत्र्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. मधोमध गॉगल लावलेला, गळ्यात जाड साखळी घातलेला कुत्रा. नावामागे एखादं भारदस्त बिरुद. खाली ओळीनं ‘शुभेच्छुक’ म्हणून गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांचे चेहरे, तेही नावांसकट. कुठे कुत्र्याऐवजी शर्यतीचा बैल असतो, कुठे बोकड. वर्तमानपत्रांनी अशा फ्लेक्सचे फोटो छापले, लोकांनी ते मोबाइलवर गावभर फिरवले. कुणा पुढाऱ्याचं नाव त्यात नसतं, तरी शेजारच्या खांबावर हात जोडून उभ्या असलेल्या ‘भावी’ नेत्याचा फ्लेक्स त्या दिवसापासून पूर्वीसारखा दिसत नाही. प्रदर्शनाच्या दालनात या प्रकाराला जागा मिळणार नाही. पण माणसाच्या वागण्याची थट्टा करणाऱ्या आजच्या प्राणिचित्रांचा आढावा घ्यायचा, तर सुरुवात मी इथूनच करीन. ही थट्टा गावानं स्वतः केलेली आहे आणि ती बरोबर जागी लागते.

नांदेडहून हैदराबादच्या रस्त्यानं नायगाव, नरसी, देगलूर असं जाताना दुतर्फा डिजिटल बॅनरच दिसतात. एके काळी या पाट्या पेंटर हातानं रंगवत. दुकानाची पाटी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची गाय-वासराची जोडी, ट्रकच्या मागचा गरुड किंवा वाघ हे सगळं ब्रशचं आणि ऑइल पेंटचं काम होतं. फ्लेक्सनं ते गिळलं. पेंटरला रेष वळवताना जनावर नीट पाहावं लागे. फोटो चिकटवणाऱ्याला ती गरज उरली नाही. म्हणून कुत्र्याचा फ्लेक्स कल्पनेनं श्रीमंत आणि चित्र म्हणून गरीब आहे. ही उणीव मला महत्त्वाची वाटते, कारण याच मराठवाड्यानं एके काळी असं प्राणिचित्र जगात उत्तम काढलं होतं.

अजिंठ्याचं सतरावं लेणं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं. त्यात महिषजातकाची कथा रंगवली आहे. एक रानरेडा शांत स्वभावाचा. एक माकड रोज त्याच्या पाठीवर चढतं, शिंगांना लोंबकळतं, शेपटी ओढतं, घाण करतं. रेडा सोसतो. झाडावरचा यक्ष त्याला विचारतो, याला धडा का शिकवत नाहीस? रेडा म्हणतो, दुसऱ्यालाही माझ्यासारखाच समजून हा त्याच्या पाठीवर चढेल, तेव्हा काय व्हायचं ते होईल. पुढे दुसरा रेडा येतो आणि माकड त्याच्या खुरांखाली जातं. चित्रकारानं माकडाला रेड्याच्या पाठीवर बसवलंय आणि त्याचे हात रेड्याच्या डोळ्यांवर ठेवलेत. ते पाहून आधी हसू येतं, मग एखादा ओळखीचा माणूस आठवतो. सहनशील माणसाला दुबळा समजणारे लोक ऑफिसात असतात, घरात असतात, बाजार समितीतही असतात. पण माकडाच्या अंगावर अंगरखा नाही, डोक्यावर पगडी नाही. ते अंगोपांगी माकडच आहे. रेडाही खरा रेडा आहे, जड आणि संथ.

माझ्या मते या चित्रप्रकाराची सगळी कसोटी इथे आहे. जनावर जनावर राहिलं पाहिजे. चित्रकारानं त्याला आधी प्रेमानं पाहिलेलं असलं पाहिजे, मग माणूस त्यातून आपोआप दिसतो. माणसाच्या धडावर नुसतं गाढवाचं डोकं बसवलं, तर गाढवाचा अपमान होतो आणि माणूस मोकळा सुटतो.

ही कसोटी लावून देशोदेशी फिरावं. तमिळनाडूत मामल्लपुरमच्या प्रचंड कातळशिल्पात, सातव्या शतकात, पल्लव शिल्पकारांनी एक मांजर तपाला उभं केलं आहे. मागच्या पायांवर उभं राहून त्यानं पुढचे पाय वर केलेत आणि पायाशी उंदीर जमलेत. तपस्व्याची हुबेहूब ढब, आणि शरीर मात्र अस्सल मांजराचं. एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या कालीघाट मंदिराबाहेर पटुए चित्रकार यात्रेकरूंना स्वस्तात चित्रं विकत. त्यांनीही मांजर काढलं: कपाळावर वैष्णव टिळा आणि तोंडात कोळंबी. धर्माच्या नावानं पोट भरणाऱ्यावर त्या काळी याहून नेमकं भाष्य क्वचितच कुणी केलं असेल. जपानमधल्या क्योतोच्या कोझान-जी मठानं जपलेल्या बाराव्या-तेराव्या शतकातल्या चित्रगुंडाळीत बेडूक आणि ससे कुस्ती खेळतात, माकड भिक्षू होऊन बुद्धाच्या जागी बसलेल्या बेडकापुढे पूजा मांडतं. मठानं स्वतःवरची ही थट्टा शतकानुशतकं सांभाळली, याबद्दल त्या मठाविषयी मला आदर वाटतो.

युरोपात सतराव्या-अठराव्या शतकात माकडांना माणसांचे कपडे चढवून महालांच्या भिंती सजवण्याची लाटच आली होती. त्यात कौशल्य भरपूर, धार कमी. अमेरिकेत कूलिज या चित्रकाराला एका कॅलेंडर कंपनीनं १९०३ मध्ये काम दिलं आणि पत्ते खेळणारे कुत्रे घरोघर पोचले. हिरव्या टेबलाखालून पंज्यात पत्ता सरकवणारा कुत्रा जगाला ठाऊक आहे. आपल्या काळात बँक्सी या ब्रिटिश चित्रकारानं २००९ मध्ये ब्रिटनच्या संसदेत चिंपांझी बसवले. ते तैलचित्र ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनला लिलावात सुमारे ९९ लाख पौंडांना गेलं. संसद हुबेहूब आहे, चिंपांझीही अभ्यासून काढलेत, आणि म्हणूनच ते चित्र लोकांना बोचलं.

मराठीत या प्रकाराला घर मिळालं ते दिवाळी अंकात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मुखपृष्ठावर रंगीत चित्र बघण्याची आपल्याला गोडी लागली. अनंत अंतरकरांच्या ‘मोहिनी’च्या १९५२ च्या दिवाळी अंकावर शि. द. फडणीसांचं चित्र आलं. एक तरुण, एक तरुणी. एकाच्या कपड्यावर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यावर उंदरांची. एक शब्द नाही. दोन माणसं तिऱ्हाइतासारखी उभी आहेत आणि त्यांच्या मनातलं सगळं कपड्यांवरची जनावरं बोलतात. फडणीसांनी इथे जुना प्रकार उलटा केला. माणूस माणूसच राहिला, त्याच्या अंगावर जनावर आलं, आणि संकोच, आकर्षण, धास्ती एवढं सगळं मावलं. मराठी हास्यचित्रानं एवढं कमी बोलून एवढं जास्त क्वचितच सांगितलं आहे. गोव्याच्या मारिओ मिरांडांच्या गर्दीच्या चित्रांत कुत्री असतात. माणसं मिरवण्यात दंग असताना ती आपल्या कामाला लागलेली दिसतात. आर. के. लक्ष्मण यांनी कावळ्यांवर मनापासून प्रेम केलं, आणि त्यांचा कावळा बघताना आपण एखाद्या चाणाक्ष नागरिकाकडे पाहतोय असं वाटतं.

राजकीय व्यंगचित्रातला सरडा मात्र आता थकला. कुणी पक्ष बदलला की सरडा, कोलांटउडी मारली की माकड, खुर्चीसाठी भांडण लागलं की कुत्री. हे आता हुकमी झालं आहे. काढणाऱ्यानं सरडा शेवटचा कधी पाहिला होता, असा प्रश्न पडतो. सरडा मान कशी हलवतो, कुंपणावर किती वेळ निश्चल बसतो, डोळा कसा फिरवतो, यात पुढाऱ्याचं केवढं तरी चित्र दडलं आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी हे पाहणं करून दाखवलं. १९८२ च्या ‘सत्तांतर’मध्ये त्यांनी वानरांच्या टोळ्यांतला संघर्ष लिहिला, साहित्य अकादमीनं त्याचा गौरव केला, आणि पुस्तकात एकही वानर माणसासारखं बोलत नसताना वाचकाला माणसांचं राजकारण दिसलं. माडगूळकर स्वतः हातात स्केचबुक घेऊन रानात जात. चित्रकारांनी त्यांच्याकडून हे घ्यावं.

मराठवाड्याच्या संतपरंपरेतही या थट्टेचं बीज आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले, ही कथा कॅलेंडरवर आणि प्रभातच्या १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’ चित्रपटातून प्रत्येक घरानं पाहिली. आपण ती चमत्कार म्हणून पाहतो. पण त्या चित्रात एका बाजूला शांत रेडा आहे आणि दुसऱ्या बाजूला तोंडं उघडी राहिलेले विद्वान. विद्येच्या अहंकाराची याहून मोठी थट्टा कुणी रंगवायची? पैठणच्याच एकनाथांनी भारुडात विंचू आणला आणि काम-क्रोधाची नांगी दाखवली.

आणि देगलूरच्या रस्त्यावरचं आजचं नायगाव? बैलपोळ्याला इथल्या गावागावांत खांदेमळणी होते, शिंगं साळून त्यांना रंग लागतो, झूल, बाशिंग, घुंगरमाळा चढतात, अंगावर ठसे उठतात. अलीकडे मराठवाड्यात बैलाच्या पाठीवर घोषणाही रंगवतात: कर्जमाफी, पीकविमा, सोयाबीनचा भाव, आरक्षण. सरकारला ऐकवायचं ते बैलाच्या अंगावरून ऐकवलं जातं. मी त्या घोषणांच्या बाजूनं आहे. पण बैल तिथे फळा होतो, चित्राचा विषय होत नाही, एवढी खंत आहे. याच भागात कंधारची लालकंधारी आणि लातूरकडची देवणी हे नावाजलेले गोवंश आहेत. देवणीत वानेरा, बालंक्या, शेवरा असे रंगाचे भेद शेतकरी बोटावर मोजून सांगतो. वानेऱ्याचं काळं तोंड आणि पांढरं अंग यातच एक व्यंगचित्र तयार आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं, उंट, बैल एका माळावर येतात. गिऱ्हाईक बैलाचे दात पाहतं आणि व्यापारी गिऱ्हाइकाचा खिसा. घोडा दोघांकडे बघत उभा असतो. त्या घोड्याच्या नजरेतून माळेगावची यात्रा कुणी तरी काढायला हवी.

गावातल्या शाळांच्या चित्रकला शिक्षकांना माझी विनंती आहे: पोळ्याच्या आठवड्यात मुलांना गोठ्यात न्या, बैलाचा, शेळीचा, कुत्र्याचा स्वभाव कागदावर उतरवू द्या, आणि मग त्यांना एवढंच विचारा की हा स्वभाव गावात आणखी कुणाचा आहे. नावं लिहू नका. दिवाळी अंकाच्या संपादकांनी अशा चित्रांना आतली चार रंगीत पानं द्यावीत आणि मानधनही द्यावं. फ्लेक्समुळे ज्यांचा ब्रश बाजूला पडला ते पेंटर अजून याच तालुक्यांत आहेत. पहिलं काम त्यांना द्या.