विजेच्या मोटारीची बॅटरी : खंडानें घ्यावी कीं विकत?

मोटार आपल्या मालकीची, परंतु तिची बॅटरी दुसऱ्याची, हा प्रकार प्रथम ऐकतांना विलक्षण वाटतो. तरी खंडानें जमीन कसणारास त्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. विजेच्या मोटारीच्या किंमतींत बॅटरीचा वांटा मोठा, आणि कालांतरानें क्षीण होणारी वस्तूही तीच. म्हणून गाडी विकावी व बॅटरी भाड्यानें द्यावी अशी युक्ति निघाली. ही युक्ति अगदींच नवी नव्हे. अमेरिकेंतील हार्टफर्ड शहरच्या वीज कंपनीनें 1910 ते 1924 पर्यंत विजेच्या मालमोटारींस मैलामागें आकार घेऊन बॅटऱ्या पुरविल्या होत्या. भारतांत बॅटरीवांचून गाडीची विक्री व नोंदणी होण्यास केंद्र सरकारनें 2020 च्या ऑगस्टांत मोकळीक दिली.

आतां हिशेब. 2024 च्या सप्टेंबरांत एम. जी. विंडसर ही गाडी बाजारांत आली, तेव्हां बॅटरीसह तिची आरंभीची किंमत 13 लक्ष 50 हजार रुपये होती. बॅटरीवांचून 9 लक्ष 99 हजार, व वर दर किलोमीटरास साडेतीन रुपये भाडें. फरक सुमारें साडेतीन लक्षांचा; म्हणजे एक लक्ष किलोमीटर धांवल्यावर दोहोंची बरोबरी होते. वीज भरण्याचा खर्च निराळाच.

हे आंकडे पाहून माझा पुतण्या हरखला. त्याचें फिरणें महिन्याकाठीं 500 किलोमीटरांचें. भाडें 1750 रुपये पडेल असें त्यानें धरलें. मीं त्यास करारांतील बारीक अक्षरें वाचावयास लाविलें. तेथें दरमहा किमान 1500 किलोमीटरांचें भाडें देण्याचें कलम निघालें! गाडी धांवो वा उभी राहो, 5250 रुपये द्यावयाचेच. त्याच्या फिरण्यावर बसवितां दर किलोमीटरास साडेदहा रुपये झाले. पीक बुडालें म्हणून खंड चुकत नाहीं, त्यांतलाच हा मासला.

उलटपक्षीं, साडेतीन लक्ष एकदम गुंतविणारानें व्याज विसरूं नये. शेंकडा 9 दरानें व्याज धरल्यास सालीना 63 हजारांच्या या भाड्यानें मुद्दल व व्याज सुमारें आठ वर्षांत फिटतें. पुष्कळ कारखानदार बॅटरीची हमीही 8 वर्षांची वा 1 लक्ष 60 हजार किलोमीटरांचीच देतात. तेव्हां बॅटरी बिघडण्याच्या धास्तीनें भाडें पत्करणें मला तरी पटत नाहीं. चारपांच वर्षांत गाडी काढून टाकणाराची गोष्ट वेगळी. परंतु त्यासही एक अडचण आहे.

फ्रान्समधील रेनो कंपनीची झोई ही गाडी प्रथम भाड्याच्या बॅटरीवर विकली जाई. ती वापरलेली घेणारास भाड्याचा करारही पत्करावा लागे. पुढें कंपनीनें बॅटरीसह विक्री सुरू केली. सात-बाराच्या इतर हक्कांतील बोजा न पाहतां जमीन घेणारे व मागाहून कचेरीचे उंबरे झिजविणारे मीं नोकरींत पुष्कळ पाहिले. जुनी विजेची मोटार घेणारानें बॅटरी कोणाच्या मालकीची आहे, हें विक्रेत्याकडून लेखी घ्यावें. नवी घेणारानें गाडी विकतांना करार कोणाकडे जातो, भाडें थकल्यास काय होतें, व बॅटरी किती क्षीण झाल्यावर बदलून मिळते, हीं कलमें सहीपूर्वीं दोनदां वाचावीं.

पुतण्यानें अद्याप सही केलेली नाहीं. कराराचा कागद सध्यां माझ्याच पेटींत आहे.