वाहनाच्या मंद झालेल्या दिव्यांची घरगुती दुरुस्ती

जुन्नर-ओतूर भागातून वाशीच्या बाजारात जाणारा भाजीपाला सायंकाळी क्रेटमध्ये भरला जातो आणि रात्री माळशेज घाट उतरून पहाटेपूर्वी पोहोचता केला जातो. मालवाहू पिकअपचा हा प्रवास बहुतांशी अंधारातच होतो. पावसाळ्यात घाटात धुके दाटले म्हणजे चांगल्या दिव्यांच्या गाडीसही वळण जपून घ्यावे लागते. अशा वेळी पुढील दिव्यांच्या काचा पिवळट व धुरकट असतील, तर वाटेत बंद पडलेला ट्रक किंवा रस्त्यावर आलेली दरड अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही.

इंजिनाचे तेल वेळेवर बदलणारे शेतकरीही या काचांकडे बहुधा दुर्लक्ष करतात. प्रकाश एका रात्रीत घटत नाही. सबब तो घटल्याचे चालकाच्या ध्यानीच येत नाही. अमेरिकेतील ‘ट्रिपल ए’ या मोटारचालकांच्या संघटनेने २०१८ साली केलेल्या चाचणीत पिवळ्या पडलेल्या दिव्यांतून नव्या दिव्यांच्या मानाने सुमारे २० टक्केच प्रकाश मिळाला. तेच दिवे साफ केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत गेला.

आपण जिला काच म्हणतो, ती अलीकडील बहुतेक गाड्यांत पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. त्यावर कारखान्यात एक पारदर्शक लेप दिलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उन्हाने हा लेप झिजतो व फुटतो, आणि मग खालचे प्लास्टिक पिवळे पडू लागते. जुन्या ट्रॅक्टरांचे गोल दिवे मात्र खऱ्या काचेचे असतात. नखाने वाजविल्यास फरक सहज कळतो. काचेच्या दिव्यास पुढील घासण्याची कृती लागू नाही. त्याचा प्रकाश मंद असल्यास बल्ब, आतील चकाकी आणि गंजलेली अर्थिंगची वायर तपासावी.

दोष कोठे आहे?

प्रथम दिवा साबणाच्या पाण्याने धुवावा व ओला असतानाच पाहावा. ओला असता स्वच्छ आणि वाळताच धुरकट दिसला, तर दोष बाहेरचा आहे व तो घरी दूर करता येतो. पाण्याने काहीच फरक पडत नसेल, तर बिघाड आत असण्याचा संभव अधिक. आतील चकाकीचा मुलामा उडाला असल्यास दिवा बदलणेच योग्य. त्या मुलाम्यास फडके लावू नये. तो पुसल्याने निघून येतो.

बाहेरचा दोष काढण्यासाठी सभोवतालच्या रंगावर चिकटपट्टी लावावी. नंतर पाण्यातील पॉलिश पेपर घेऊन प्रथम ८०० नंबरचा, मग १५०० व शेवटी २००० नंबरचा असा क्रमाने फिरवावा. नुसताच धुरकटपणा असेल तर १००० नंबरपासून आरंभ करावा. कागद व दिवा सतत ओले राहिले पाहिजेत. सुरुवातीस पिवळसर पाणी निघते, पुढे ते पांढरे होते. पिवळेपणा संपेपर्यंत पुढचा नंबर घेऊ नये. घाई होते ती येथेच, आणि मग जाड कागदाचे ओरखडे अखेरपर्यंत राहतात. घासणे पुरे झाले म्हणजे दिवा सर्वत्र सारखा दुधी दिसतो. त्याने घाबरून जाऊ नये. गाडीच्या रंगासाठी मिळणारे रबिंग कंपाउंड मऊ फडक्याने चोळल्यावर तो उजळतो.

दंतमंजनाची पेस्ट चोळून दिवे उजळल्याचे अनेकजण सांगतात. ते खोटे नाही. परंतु संरक्षक लेप नसल्याने काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी होते. कंपाउंड वापरल्यानंतरही हीच गत होते. यास्तव दिवा पूर्ण वाळवून, उन्हातील अतिनील किरण रोखणारा पारदर्शक लेप त्यावर दिलाच पाहिजे. तो फवाऱ्याच्या डब्यात मिळतो. फवारणी उघड्यावर, धूळ व वारा नसताना, तोंडास मास्क बांधून करावी आणि पातळ थर द्यावेत. पेट्रोल किंवा थिनरने दिवा कदापि पुसू नये. त्याने प्लास्टिकला बारीक तडे जातात.

आतील पाणी

थंडीत किंवा पावसात आतून थोडे बाष्प जमते आणि दिवा काही वेळ चालू ठेवला की ते नाहीसे होते. हा बिघाड नव्हे. तळाशी पाणी साचत असेल तर मात्र मार्ग शोधावा. पुष्कळदा कारण अगदी क्षुल्लक असते: बल्ब बदलताना मागील रबरी टोपी नीट बसविलेली नसते, किंवा ती गॅरेजातच राहून गेलेली असते. टोपी ठीक असल्यास काच व खोक्याच्या सांध्यास चीर पडली आहे काय, हे पाहावे. दिवा काढून पाणी ओतून द्यावे, बल्बचे छिद्र उघडे ठेवून तो पूर्ण वाळवावा आणि मगच चिरेत सिलिकॉन भरावे. सिरक्यासारखा उग्र वास येणारे सिलिकॉन घेऊ नये. त्याच्या वाफेने आतील चकाकी खराब होण्याचे भय असते. मागील बाजूस हवा खेळण्यासाठी ठेवलेले बारीक छिद्र किंवा नळी पाणी तेथूनच येते असे समजून बुजविली जाते. तसे केल्यास आतील ओल कायमची कोंडते.

गाडी दिवसभर खळ्यावर उभी राहत असल्यास दिव्यांवर गोणपाट टाकावे; नवा लेप अधिक टिकतो.

दिवा काढून पुन्हा बसविल्यावर प्रकाशाचा रोख तपासावा. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून डिपर लावला असता प्रकाशाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली पडावी. ही तपासणी नेहमीचा माल भरून करावी. भरलेली पिकअप मागे दबते, पुढचा भाग उचलला जातो, आणि नव्याने उजळलेला प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. ज्या गाड्यांत दिव्यांचा रोख खालीवर करण्याचा खटका चालकाजवळ असतो, त्यांनी माल भरल्यावर तो फिरवावा. इतरांनी दिव्यामागील स्क्रूने रोख जुळवून घ्यावा.